आठ प्रदर्शने, आठ सत्रे: नौपाड्यातील इम्प्रेशनिस्ट अभ्यासवर्गाविषयी

नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी भरणारा आठ सत्रांचा चित्रास्वाद अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. विषय होता एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सचे इम्प्रेशनिस्ट, म्हणजे बदलता उजेड आणि क्षणाचा ठसा उजळ रंगांत टिपणारे चित्रकार, आणि त्यातही मोने, रन्वार, देगा यांच्या मागच्या रांगेत राहिलेली मंडळी. ठाण्यात नाटकांना, गाण्याच्या बैठकांना आणि व्याख्यानमालांना रसिकांची कधी वाण पडली नाही. चित्र कसे पाहावे हे शिकवणारा वर्ग मात्र येथे दुर्मिळ होता आणि त्यासाठी मुंबईत काळा घोड्यापर्यंत जावे लागत असे. असा वर्ग आपल्या गावात सुरू झाला याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही तेवढ्यावर कोणाला शिफारस करणे योग्य नव्हे, म्हणून हाती काय लागले आणि कोठे उणे राहिले हे सविस्तर लिहीत आहे.

वर्गाचे मोठे बळ त्याच्या आखणीत आहे. एका सत्रात एक चित्रकार, अशी विभागणी येथे केलेली नाही. या मंडळींनी पॅरिसमध्ये १८७४, १८७६, १८७७, १८७९, १८८०, १८८१, १८८२ आणि १८८६ अशी आठ प्रदर्शने भरवली. वर्गाचे प्रत्येक सत्र यांपैकी एका प्रदर्शनाला दिलेले आहे. त्या प्रदर्शनात कोण होते याची यादी आधी पडद्यावर येते आणि यादीतील अनोळखी नावांपासून बोलणे सुरू होते. हे दिसायला साधे आहे, पण परिणाम फार खोल आहे. आठही प्रदर्शनांत भाग घेतलेला चित्रकार एकच, कामीय पिसारो. देगा सात वेळा होता, तशीच बर्थ मोरिसोही सात वेळा होती आणि आंरी रुआर हा आज जवळजवळ विसरला गेलेला अभियंता-चित्रकारही सात वेळा होता. आर्माँ गियोमँ सहा वेळा आला. मोने मात्र पाचच प्रदर्शनांत आढळतो आणि रन्वार व सिस्ले तर केवळ चारांत. चळवळ म्हणजे कोण, या प्रश्नाचे जे उत्तर आपण कॅलेंडरांवरून आणि चहाच्या कपांवरून गृहीत धरलेले असते, ते या एका तक्त्यापुढे टिकत नाही. पहिल्या सत्रातच हा तक्ता दाखवल्याबद्दल वर्ग घेणाऱ्या बाईंचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

पहिले सत्र अर्थातच १५ एप्रिल १८७४ रोजी उघडलेल्या प्रदर्शनाचे. कापुसीन बुलेव्हारवरील ३५ क्रमांकाच्या इमारतीत, नादार या छायाचित्रकाराच्या पूर्वीच्या स्टुडिओत, एक फ्रँक प्रवेशमूल्य ठेवून हे प्रदर्शन भरले आणि तेथील मोनेच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या चित्राच्या शीर्षकावरून लुई लरुआ या टीकाकाराने चळवळीला चेष्टेने नाव दिले, हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. बाईंनी तो थोडक्यात उरकला आणि त्या दालनांत सुमारे तीस जण होते या वस्तुस्थितीकडे आमचे लक्ष वेधले. त्यांत आदोल्फ-फेलिक्स काल्स होता, जो तेव्हा साठी ओलांडलेला होता आणि नॉर्मंडीतील ओंफ्लर परिसरातील साध्या माणसांची व समुद्रकाठाची चित्रे काढत असे. इटलीतील बार्लेत्ता गावचा जुझेप्पे दे नित्तिस होता, जो या मंडळींबरोबर हे एकच प्रदर्शन करून पुढे आपल्या वाटेने गेला. या दोघांवर अधिक वेळ मिळाला असता तर बरे झाले असते. दे नित्तिसच्या चित्रांतील ओले रस्ते आणि धूसर हवा पाहून वर्गात पावसाळ्याची आठवण न झालेला एकही जण नसावा.

गियोमँविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण माझ्यासाठी या वर्गाची खरी प्राप्ती तोच आहे. जन्म १८४१, मृत्यू १९२७. घरची श्रीमंती नाही, त्यामुळे तो पॅरिस-ओर्लेआं रेल्वे कंपनीत नोकरी करी आणि नंतर सरकारी पूल-रस्ते खात्यात रात्रपाळी पत्करून दिवसाचा उजेड चित्रांसाठी राखून ठेवी. पिसारो आणि सेझान त्याचे तरुणपणापासूनचे मित्र. सेझानने तर त्याच्या सीन नदीकाठच्या बेर्सी येथील चित्राची स्वतः प्रतिकृती केली, ती हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. १८७३ च्या सुमाराचे त्याचे ‘इव्री येथील सूर्यास्त’ हे चित्र पहिल्या प्रदर्शनात होते आणि आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बाईंनी ते पडद्यावर लावले, दिवे मंद केले आणि बराच वेळ काहीच सांगितले नाही. नदीवर पसरलेला नारिंगी-पिवळा उजेड, क्षितिजावर कारखान्यांची धुराडी आणि आकाशात तिरका पसरत जाणारा धूर. मोनेही धूर रंगवतो, पण त्याच्याकडे तो बहुधा उजेडाचा खेळ होऊन येतो. गियोमँच्या चित्रात मात्र धुराला वजन आहे. तेथे काम चालते, माणसे पाळी संपवून निघतात, हे चित्रात एकही माणूस ठळक न दाखवता कळते. कळव्याच्या खाडीपुलावरून संध्याकाळी परतणाऱ्या, वागळे इस्टेटीत किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात आयुष्याची वर्षे घालवलेल्या माणसांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. आमच्या वर्गात एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. धुराच्या दिशेवरून वारा कोणीकडचा आणि भट्टी भरात आहे की विझत आली आहे, यावर ते जे बोलले ते कोणत्याही कलासमीक्षेइतकेच मोलाचे होते. बाईंनी त्यांना मध्येच थांबवले नाही.

या गियोमँला १८९१ मध्ये सरकारी लॉटरीत एक लाख फ्रँकचे बक्षीस लागले. त्याने नोकरी सोडली आणि मध्य फ्रान्समधील क्रोझां परिसरात क्रूझ नदीच्या खोऱ्यात जाऊन पूर्णवेळ रंगवू लागला. या उत्तरकालीन चित्रांतील जांभळा आणि तांबडा रंग इतका धीट आहे की पुढच्या पिढीच्या रंगांशी त्याचे नाते लगेच जाणवते. ती काही जणांना भडक वाटली. मला स्वतःला इव्रीची चित्रे अधिक जवळची वाटतात, परंतु त्याच्या वाट्याला आलेल्या त्या मोकळ्या वेळाचा विचार केल्याखेरीज दोन्हींची तुलना करू नये, हे बाईंचे म्हणणे मला पटले. पैसा आणि वेळ कोणाकडे होता, हा धागा त्यांनी आठही सत्रांत सोडला नाही. या मंडळींचा विक्रेता पॉल द्युराँ-र्‍युएल कोणाची चित्रे किती घेऊ शकला, कोणाला घरभाडे भरता आले, कोणाला पाळणा हलवत काम करावे लागले, याचा हिशेब मांडला म्हणजे मागची रांग ही केवळ गुणवत्तेने ठरलेली नव्हती हे आपोआप स्पष्ट होते.

रेल्वेचा संदर्भही येथे चपखल बसवलेला होता. सीनकाठच्या आर्जांतय गावाला रेल्वे १८५१ मध्ये पोचली, आणि पॅरिसमधून सकाळी निघून नदीकाठी चित्र काढून संध्याकाळी घरी परतणे चित्रकारांना शक्य झाले; जोडीला धातूच्या नळीत भरलेला तयार रंग होता, ज्याचा शोध १८४१ मधला. आपल्या ठाण्याला पहिली गाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. उपनगर म्हणजे काय, शहराच्या कडेला जगणे म्हणजे काय, हे ठाणेकरांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही, आणि वर्गाने या अनुभवाचा आधार घेतला, त्यामुळे चर्चेला कधी परकेपणा आला नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्राचा नायक गुस्ताव्ह कायबॉत होता. जगात आता त्याला अनोळखी म्हणणे कठीण आहे, कारण ओर्से संग्रहालयाने त्याचे नौकाविहाराचे चित्र अलीकडेच ४ कोटी ३० लाख युरोंना मिळवले. पण आपल्याकडे चित्रकलेची आवड असलेल्यांनाही त्याचे नाव क्वचितच माहीत असते. लष्कराला कापड पुरवणाऱ्या धनिकाचा हा मुलगा. लाकडी जमीन तासणाऱ्या तीन मजुरांचे त्याचे चित्र १८७५ च्या सरकारी प्रदर्शनाने नाकारले आणि पुढच्या वर्षी ते इम्प्रेशनिस्टांच्या दुसऱ्या प्रदर्शनात लागले. १८७७ च्या प्रदर्शनासाठी जागा आणि पैसा त्यानेच उभा केला, आणि तेथे ‘पॅरिसमधील रस्ता, पावसाळी दिवस’ हे सुमारे २१२ बाय २७६ सेंटीमीटरचे प्रचंड चित्र मांडले. ते आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि त्या संस्थेच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारात विनामूल्य उतरवून घेता येते. वर्गात तसे करून घेतले गेले आणि प्रत्येकाने आपापल्या फोनवर चित्राचा एकेक कोपरा मोठा करून पाहिला. पावसाची एकही धार रंगवलेली नाही. फरशीवरच्या फटींतले पाणी, छत्र्यांच्या कापडावरचा करडा उजेड आणि एकमेकांना चुकवत चालणारी माणसे, एवढ्यावर पाऊस उभा केला आहे. या एका चित्रावर जवळजवळ अर्धे सत्र गेले आणि एकही मिनिट वाया गेले नाही.

कायबॉतच्या मृत्युपत्राचा भागही उत्तम झाला. मित्रांची चित्रे तो आस्थेने विकत घेई, आणि १८९४ मध्ये तो अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारला तेव्हा साठांहून अधिक चित्रांचा तो संग्रह फ्रान्सच्या सरकारला ठेवून गेला. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीची जबाबदारी रन्वारवर होती. वाटाघाटी लांबल्या आणि अखेर सरकारने त्यातील सुमारे चाळीसच स्वीकारली. इतरांची कीर्ती जपणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या चित्रांकडे मात्र पुढची अनेक दशके दुर्लक्ष झाले. त्याला चित्रे विकून पोट भरायचे नसल्याने ती बहुतांशी कुटुंबातच राहिली आणि बाजारात आलीच नाहीत. हे कारण ऐकल्यावर श्रीमंतीसुद्धा चित्रकाराला अज्ञातवासात कशी ढकलू शकते हे कळले.

चौथे सत्र मात्र मन हेलावून टाकणारे होते. १८७९ च्या प्रदर्शनात मेरी कसाट प्रथम आली, व्हेनिसहून आलेला फेदेरिको झांदोमेनेगी आला, आणि मारी ब्राकमाँही आली. मारीचा जन्म १८४० चा, ब्रिटनीतील. तरुणपणी तिला अँग्र या जुन्या परंपरेतील नामवंत चित्रकाराकडून मार्गदर्शन मिळाले, परंतु स्त्रियांनी फुले, फळे आणि व्यक्तिचित्रे यांपुरतेच राहावे ही त्यांची धारणा तिला मानवली नाही. तिचा पती फेलिक्स हा नावाजलेला उत्कीर्णनकार, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापचित्रे करणारा. मारीने मोकळ्या हवेत, उजळ रंगांत रंगवायला सुरुवात केली तेव्हा त्याला ते मुळीच आवडले नाही, आणि मुलगा पिएर याने लिहून ठेवलेल्या आठवणींनुसार घरात तिच्या कामाला सतत टोचणी लागत असे. १८७९, १८८० आणि १८८६ अशा तीन प्रदर्शनांत ती दिसते. १८९० च्या सुमारास तिने चित्रकला जवळजवळ थांबवली आणि त्यानंतर ती पाव शतकाहून अधिक काळ, १९१६ पर्यंत, जगली.

बाईंनी ही हकीकत चित्रांच्या आधी सांगितली नाही, हे मला विशेष भावले. आधी ‘सेव्हरच्या गच्चीवर’ हे १८८० चे चित्र दाखवले आणि आम्हाला विचारले की पांढऱ्या पोशाखात किती रंग दिसतात. कोणी निळा म्हणाले, कोणी गुलाबी, कोणी पानांवरून परतलेला हिरवा. पाहता पाहता लक्षात आले की शुद्ध पांढरा जवळजवळ कोठेच नाही. उन्हात पांढरे कापड खरोखर कसे दिसते याचा असा अभ्यास करणारा हात कच्चा असूच शकत नाही. हे पटल्यानंतरच तिचे चरित्र आले. त्यामुळे दया वाटून चित्र चांगले म्हणण्याचा मोह कोणालाही झाला नाही, आणि ती थांबली तेव्हा चित्रकलेचे किती नुकसान झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलेले होते. स्त्री-चित्रकारांविषयी बोलताना अनेकदा चरित्र पुढे आणि चित्र मागे पडते. या वर्गाने तो क्रम बदलला.

बर्थ मोरिसो येथे तुलनेने लवकर आटोपली. तिचे ‘पाळणा’ हे चित्र आणि १८७९ चे तळ्यावरील नौकेत बसलेल्या दोन स्त्रियांचे चित्र दाखवले गेले. ती १८७९ च्या प्रदर्शनात नव्हती, कारण काही महिन्यांपूर्वीच मुलगी ज्यूली झाली होती; एवढे एक प्रदर्शन सोडले तर ती प्रत्येक वेळी होती. तरीही १८९५ मध्ये तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय नाही, अशीच नोंद झाली. वर्गात हे ऐकल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी वही मिटून ठेवली आणि थोडा वेळ काही लिहिले नाही.

आता उणिवा. ज्या आखणीचे मी वर कौतुक केले, तिच्यातच पहिली उणीव आहे. प्रदर्शनांच्या याद्यांवरून चालायचे म्हटले की यादीत नसलेले निसटतात. फ्रेदेरिक बाझीय हा मोँपेलिएचा तरुण मोने आणि रन्वार यांचा जिवलग मित्र; मोनेचे ‘बागेतील स्त्रिया’ हे चित्र त्याने २,५०० फ्रँकना, महिन्याला ५० फ्रँकच्या हप्त्यांनी, केवळ मित्राला आधार म्हणून विकत घेतले. स्वतंत्र प्रदर्शन भरवण्याची कल्पना या गटात त्याच्या हयातीतच बोलली जात होती. पण २८ नोव्हेंबर १८७० रोजी फ्रान्स-प्रशिया युद्धात तो अठ्ठाविसाव्या वर्षी मारला गेला आणि पहिले प्रदर्शन भरले तेव्हा तो नव्हता. पहिल्या सत्रात त्याचा उल्लेख दोन वाक्यांत झाला. त्याचे ‘कौटुंबिक मेळावा’ हे १८६७ चे चित्र, ज्यात दक्षिण फ्रान्सच्या कडक उन्हात झाडाखाली बसलेले नातेवाईक आपल्याकडे रोखून पाहतात, त्याला अर्धा तास देणे सहज शक्य होते. एव्हा गोन्झालेसची उपेक्षा याहून अधिक झाली. ती चित्रकार एदुआर माने (मोने नव्हे) यांची एकमेव विधिवत शिष्या. गुरूप्रमाणेच तीही या गटाच्या प्रदर्शनांपासून दूर राहिली आणि सरकारी प्रदर्शनांतच चित्रे पाठवत राहिली. १८८३ मध्ये माने यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच, बाळंतपणानंतर, तिचाही मृत्यू झाला. वर्गात तिचे नाव एका विद्यार्थिनीने विचारले तेव्हाच निघाले. या दोघांसाठी नववे सत्र ठेवावे, अशी माझी आयोजकांना आग्रहाची विनंती आहे.

दुसरी उणीव शेवटच्या सत्राची. १८८६ चे प्रदर्शन म्हणजे जॉर्ज सरा याचे ‘ग्रांद जात’चे रंगाच्या ठिपक्यांनी रंगवलेले प्रचंड बिंदुचित्र, सिन्याक आणि गोगँ; शिवाय मोने, रन्वार, सिस्ले आणि कायबॉत अनुपस्थित. एवढा विषय कमी होता की काय, त्याच सत्रात फ्रान्सबाहेरचे इम्प्रेशनिस्टही घेतले गेले. १८८९ मध्ये मेलबर्न येथे टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन आणि मित्रांनी सिगारच्या पेट्यांच्या नऊ बाय पाच इंची झाकणांवर रंगवलेल्या चित्रांचे प्रदर्शन भरवले होते; स्पेनचा सोरोया, जर्मनीचा लिबरमान, अमेरिकेचा चाइल्ड हॅसम हे सगळे चित्रकार भराभर पडद्यावरून गेले आणि कोणीही डोळ्यांत ठरले नाही. एका चित्रावर थांबणे हे ज्या वर्गाचे ब्रीद, त्याने शेवटी अशी घाई करावी हे खटकले.

तिसरी बाब यंत्राची आणि छपाईची. ज्या चळवळीत सावलीचा जांभळा आणि करडा यांतील फरकावर सगळे अवलंबून आहे, तिच्यासाठी रंग नीट न जुळवलेला प्रोजेक्टर चालत नाही. कायबॉतचे करडे आकाश पडद्यावर निळसर दिसत होते. फोनवर तेच चित्र पाहिल्यावर फरक लख्ख कळला. शुल्कात समाविष्ट असलेल्या पोस्टकार्ड-संचाची छपाईही काळसर आहे आणि मारी ब्राकमाँचा पांढरा पोशाख त्यात पिवळट झाला आहे. टिपणे इंग्रजीत दिली गेली, हेही योग्य नाही. सगळी चर्चा उत्तम मराठीत होत असताना आणि वर्गात ज्येष्ठ मंडळी बहुसंख्य असताना चार पानांचे मराठी टिपण आणि फ्रेंच नावांचे देवनागरी उच्चार देणे कठीण नव्हते.

याउलट तलावपाळीची सकाळ या वर्गाने ज्या तऱ्हेने योजली, तिला तोड नाही. सिस्लेच्या १८७६ च्या पोर-मार्ली येथील पुराच्या चित्रांनंतरच्या रविवारी आम्ही मासुंदा तलावाकाठी जमलो आणि बाईंनी एवढेच काम दिले की पाण्यातील प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा गडद आहे की फिकट, ते नोंदवा. उजळ भिंत पाण्यात किंचित गडद होते आणि गर्द झाड किंचित उजळते, हे इतकी वर्षे त्या काठावरून जाऊनही मी पाहिलेले नव्हते. त्यानंतर सिस्लेच्या पुराच्या पाण्यातील दारूच्या दुकानाची पिवळसर भिंत पुन्हा पाहिली तेव्हा त्याने केवढ्या नेमकेपणाने ती एक छटा उतरवली आहे हे समजले.

चित्र काढता येणे ही येथे अट नाही आणि पूर्वज्ञानाचीही गरज नाही. ज्यांना भरपूर माहिती झपाट्याने हवी आहे त्यांना येथील संथपणा जड जाईल. ज्यांना एका चित्रासमोर बसून राहायला आवडेल त्यांनी अवश्य नाव नोंदवावे. शुल्क माफक आहे. इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना चढा आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. गोखले रोडवर शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, स्टेशनवरून चालत येणेच सोयीचे. खोलीत डावीकडे एक खांब आहे आणि त्यामागे बसणाऱ्याला पडद्याचा कोपरा दिसत नाही, तेव्हा थोडे लवकर पोचून उजवीकडची जागा धरावी.